लेकरू कान का झाकतं? सेन्सरी प्लेची घरगुती ओळख

"घरी रोज सेन्सरी प्ले करा." माझ्या बहिणीच्या हातात पडलेल्या कागदावर एवढंच लिहिलं होतं. मुलगा साडेतीन वर्षांचा, ऑटिझमचं निदान त्याच आठवड्यातलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या ओळीचा अर्थ तिला कुणी सांगितला नाही. घरी येऊन तिनं मोबाइलवर शोधलं, तर रंगवलेल्या तांदळाचे ट्रे, पाण्यात फुगणारे मणी आणि महागडी किट दिसली. तिनं रात्री बसून तांदूळ रंगवले. सकाळी पोरानं एक बोट लावलं, किंचाळला आणि ट्रे उलटा केला. सगळ्या फरशीवर हिरवे-लाल तांदूळ. "मला हेसुद्धा जमेना गं," असं ती मला फोनवर म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिला खेळ सांगितला होता, पण त्यामागचं कारण सांगितलं नव्हतं. दर 2 एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन येतो, त्या आठवड्यात आपल्या मोबाइलवर अशा खेळांचे व्हिडिओ धो-धो येतात. त्यातही कारण क्वचितच असतं. म्हणून या लेखात खेळांची यादी मागे ठेवते आणि कारणापासून सुरुवात करते.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मेंदूची जडणघडणच सुरुवातीपासून वेगळ्या रीतीनं झालेली असते, त्यामुळे बोलणं, नजर, इतरांशी देवाणघेवाण, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं यांत फरक दिसतो. हा फरक कुणाच्या संगोपनातल्या चुकीमुळे पडत नाही, लसीमुळेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज बरीच वर्षं साधारण शंभरात एक मूल असा होता, 2021 साठीचा तिचा अंदाज साधारण 127 माणसांत एक असा आहे, म्हणजे हे काही विरळा नाही.

सेन्सरी म्हणजे संवेदनांचं: स्पर्श, आवाज, उजेड, वास, चव, हालचाल. मुलाच्या शरीराला हव्या त्या संवेदना सोसतील इतक्या देणारा खेळ म्हणजे सेन्सरी प्ले, आपण संवेदी खेळ म्हणू. 'हव्या त्या' आणि 'सोसतील इतक्या' हे शब्द विसरू नका. माझ्या बहिणीच्या कागदावर नेमके तेच नव्हते.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये 11 मुलांबद्दल लिहिलं तेव्हाच मोठ्या आवाजाची या मुलांना वाटणारी भीती नोंदवली होती. तरी निदानाच्या अमेरिकन निकषांत संवेदनांमधला फरक स्पष्टपणे आला तो 2013 मध्ये. सत्तर वर्षं ही मुलं कान झाकत होती आणि मोठी माणसं त्याला हट्ट म्हणत होती.

## मागांची खटखट आणि पुण्याचा पाहुणा

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. गल्लीत यंत्रमाग चालू असतात, खटखट खटखट, दिवसभर. पुण्याहून पाहुणा आला तर पहिल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. घरची माणसं मात्र त्याच आवाजात जेवतात, मुलं अभ्यास करतात, म्हातारी माणसं घोरतात. आणि मध्यरात्री लाइट जाऊन माग थांबले, की घरचेच दचकून उठतात.

आवाज सगळ्यांच्या कानावर सारखाच पडतो. पण घरच्यांचा मेंदू त्याला सरावलेला असतो. 'हा रोजचाच, यात धोका नाही' असं ठरवून तो आवाज बाजूला टाकत असतो, त्यांच्या नकळत. तेच स्पर्शाचं. सकाळी अंगात घातलेला शर्ट दुपारी जाणवत नाही. तो क्षणोक्षणी जाणवला असता तर माणसाला दुसरं काही सुचलंच नसतं.

अनेक स्वमग्न मुलांमध्ये हे सरावणं फार हळू होतं, कधी होतच नाही. त्यांची रोजची रात्र ही त्या पाहुण्याची पहिली रात्र असते. पंख्याची घरघर, कॉलरमागचं लेबल, मिणमिणती ट्यूबलाइट, शेजारची फोडणी, सगळं एकदम आणि सगळं सारख्याच जोरानं आत येतं. मग लेकरू कान झाकतं, पळतं, किंचाळतं. आजी विचारते, "काय झालं म्हणून रडायलंय हे?" खोलीत तिला नवीन काही दिसत नाही, म्हणून तिला कारणही सापडत नाही.

काही मुलांचं याच्या अगदी उलट असतं. पडलं, गुडघा फुटला, तरी रडत नाही. हाक मारली तर वळत नाही. असं मूल गरगर फिरतं, सोफ्यावरून उड्या मारतं, भिंतीला अंग घासतं, लोकांच्या अंगावर रेलतं. त्याच्या मेंदूपर्यंत संवेदना अपुरी पोचते, म्हणून ते स्वतःच ती गोळा करत हिंडतं.

आणि बहुतेक घरांत गोंधळ होतो तो यामुळे, की दोन्ही प्रकार एकाच मुलात असू शकतात. माझा भाचा मिक्सर लागला की कान दाबून न्हाणीत पळतो, आणि तासाभरानं तोच स्टीलचा डबा चमच्यानं असा बडवतो की आमचेच कान किटतात. घरातल्या एका मामांनी यावरून निष्कर्ष काढला, की पोरगं नाटक करतंय. पण मिक्सर कधी सुरू होईल आणि कधी थांबेल हे त्याच्या हातात नसतं. डब्याचा प्रत्येक ठोका तो स्वतः देतो, पुढचा आवाज कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. आपल्याच बोटांनी आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, तसंच काहीसं हे आहे.

## पाच इंद्रियांपलीकडच्या तीन जाणिवा

शाळेत पाच इंद्रियं शिकलो. संवेदी खेळात आणखी तीन जाणिवा धरतात, आणि घरी खरा उपयोग त्यांचाच होतो.

एक तोलाची. एसटी वळणावर वळली की डोळे मिटलेले असले तरी कळतं, ते कानाच्या आतल्या भागामुळे. दुसरी सांध्या-स्नायूंची. लाइट गेल्यावर अंधारातही घास तोंडातच जातो, कारण हात कुठं आहे हे सांधे आणि स्नायू मेंदूला सांगत असतात. तिसरी शरीराच्या आतली: भूक, तहान, लघवीची घाई, उकाडा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. ज्या मुलाला तहान कळतच नाही ते पाणी मागणार नाही, म्हणून त्याला घड्याळ बघून पाणी पाजावं लागतं. हे मला फार उशिरा कळलं.

यांतली दुसरी, सांध्या-स्नायूंची जाणीव सर्वांत कामाची. ढकलणं, ओढणं, उचलणं, दाबणं, कुटणं, पिळणं अशा जोराच्या कामांनी पुष्कळ मुलं शांत होतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ, ज्यांना आपण सगळे 'ओटी' म्हणतो, तेही सुरुवात बहुधा इथूनच करतात. ही कामं आपल्या घरात पडलेलीच आहेत.

## चादर, टॉवेल, शेंगा, ज्वारी

आमच्याकडे पहिला चाललेला खेळ खलबत्त्याचा. शेंगाची चटणी सोलापूरच्या घरात असतेच. भाजून सोललेले दाणे खलबत्त्यात घेतले आणि बत्ता भाच्याच्या हातात दिला. लोखंडी बत्त्याचं वजन, खाली बसणारा दणका, मनगटापासून खांद्यापर्यंत जाणारा जोर आणि त्यानं स्वतः काढलेला आवाज. जो मुलगा जागेवर दोन मिनिटं टिकत नव्हता तो दहा मिनिटं कुटत बसला. तिखट-मीठ आम्ही नंतर, तो उठून गेल्यावर घालायचो, नाहीतर तेच हात डोळ्यांना जायचे.

मग टॉवेल. आपल्या टेरी टॉवेलचे उभे धागे ओले झाले की जड होतात. अर्ध्या बादलीत टॉवेल बुडवायचा आणि पिळायचा, पुन्हा बुडवायचा, पुन्हा पिळायचा. एक टोक तुम्ही धरा, दुसरं त्याला धरू द्या. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात मुलाला पाण्यात खेळवायचं कसं, असं बहीण विचारायची. अर्धी बादली पुरते, नंतर ते पाणी झाडांना जातं. नव्या टॉवेलला खळीचा वास आणि कडकपणा असतो, दोन-तीनदा धुतलेलाच घ्या.

सोलापुरी चादर तर या कामाची राणी आहे: जाड, वजनदार, फाटणार नाही अशी. चादरीवर धाकट्या बहिणीला किंवा उशांचा ढीग बसवायचा आणि त्यानं ती फरशीवरून या खोलीतून त्या खोलीत ओढायची. दोन मोठ्या माणसांनी चारही कोपरे धरून झोळी करायची आणि हळू, एकाच तालात, पुढे-मागे झुलवायची. असा संथ झोका साधारणपणे शांत करतो. गरगर फिरवणं बहुतेक मुलांना चेतवतं, आणि त्याचा परिणाम थांबल्यानंतरही बराच वेळ टिकू शकतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळ दिसली की त्या दिवसापुरता झोका बंद.

चादरीत गुंडाळून घेणंही काही मुलांना आवडतं. पण ते त्यानं स्वतः लोळून गुंडाळलेलं असावं, डोकं आणि हात बाहेर, आणि स्वतःहून सुटता येईल इतकं सैल. गाठ मारायची नाही, वर बसायचं नाही.

आता पुन्हा त्या तांदळाकडे येते. भाच्याचे तळहात अतिसंवेदनशील होते आणि रंगवलेला तांदूळ अर्धवट ओला, चिकट होता. म्हणजे त्याच्या सर्वांत नाजूक जागी आम्ही सर्वांत अवघड गोष्ट ठेवली. पुढच्या वेळी परातीत कोरडी ज्वारी घेतली, स्वच्छ चाळलेली. हात घालायला सांगितलंच नाही. त्याचा आवडता खेळण्यातला जेसीबी परातीत ठेवला आणि आम्ही बाजूला बसलो. बरेच दिवस फक्त जेसीबीनं ज्वारी उपसली. मग कधीतरी चमचा आला, मग बोटं. आज तो कोपरापर्यंत हात घालतो. भाकरीच्या पिठाचं मात्र अजून जमत नाही, म्हणून मळलेला गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून दाबू देतो. दाबण्याचा जोर त्याला मिळतो, चिकटपणा बाहेरच राहतो.

हात धरून परातीत बुडवणारे लोक मी पाहिले आहेत, घरीही आणि बाहेरही. कृपा करून असं करू नका. मुलानं हात मागे घेतला म्हणजे त्यानं 'नको' म्हटलं. ज्याला बोलून नकार देता येत नाही, त्याचा हातानं दिलेला नकार आपण मोडला, तर पुढच्या वेळी ते परातीजवळही फिरकणार नाही.

## "याने तो बरा होईल का?"

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून सरळ उत्तर देते. नाही. संवेदी खेळानं ऑटिझम जात नाही, आणि या खेळामुळे मूल अमुक महिन्यांत बोलायला लागेल असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर तिथून उठा.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी ही प्रशिक्षित ओटीनं करायची ठरावीक उपचारपद्धत आहे, तिची मांडणी जीन आयर्स या अमेरिकन ओटीनं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केली. घरातला संवेदी खेळ ही त्याहून साधी गोष्ट. त्या थेरपीबद्दलचे पुरावेसुद्धा संमिश्र आहेत. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 32 मुलांच्या एका छोट्या चाचणीत, पालकांबरोबर ठरवलेल्या रोजच्या उद्दिष्टांत थेरपी घेतलेली मुलं पुढे गेली. ब्रिटनमध्ये 138 मुलांवर झालेली मोठी चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वागण्यातल्या अडचणी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाल्याचं दिसलं नाही. वजनदार पांघरुणांवरही 2014 मध्ये एक अभ्यास आला: मुलांची झोप वाढली नाही, पण मुलांना आणि आईबापांना ते पांघरूण आवडलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्येच सांगितलं होतं, की असे उपचार सर्वंकष योजनेचा एक भाग म्हणून चालतील, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावं.

मग करायचं कशाला? माझं मत असं: दहा मिनिटं कुटल्यावर माझा भाचा पुढचा अर्धा तास जेवायला बसू शकतो. मुलाला आत्ता या घडीला बरं वाटणं, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. त्यासाठी खेळाला इलाज म्हणायची गरज नाही. आणि म्हणूनच हजारोंच्या किटसाठी उसनवारी करू नये. तो पैसा बोलण्याच्या आणि संवादाच्या थेरपीला, रिक्षाभाड्याला लागतो.

## "असे लाड केले तर डोक्यावर बसेल"

हे सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकावं लागतं. हट्ट करणारं मूल मध्येच बघतं, की आई पाहतेय का. हवं ते मिळालं की थांबतं. संवेदना असह्य होऊन मूल कोसळतं, त्याला मेल्टडाऊन म्हणतात. त्यात ते कुणाकडे बघत नाही, चॉकलेट दिलं तरी थांबत नाही, आणि संपल्यावर गळून जातं. पेटलेल्या दिव्याखाली डोळे चोळणाऱ्याला आपण 'सवय कर' म्हणत नाही, दिवा मालवतो. इथंही तेवढंच करायचं आहे: आवाज-उजेड कमी करायचा, बोलणं थांबवायचं, जवळ राहायचं. अशा वेळी नवा खेळ पुढे करू नये. खेळ आधी असतो, शाळेच्या, न्हाव्याच्या, लग्नाच्या मांडवाच्या आधी. तो बक्षीसही नाही, 'शहाणा वागलास तर झोका' असं म्हणायचं नाही, कारण ज्या दिवशी तो सैरभैर असतो त्याच दिवशी त्याला झोका सर्वांत जास्त लागतो.

## "हात फडफडवतो, ते तरी थांबवायचं ना?"

त्यानं कुणाला इजा होत नसेल तर नाही. फडफडणं, डोलणं, गुणगुणणं ही त्यानं स्वतः शोधलेली शांत होण्याची वाट आहे. मोठेपणी बोलू-लिहू लागलेल्या अनेक स्वमग्न माणसांनी हे सांगितलं आहे, की हात धरून ठेवले तेव्हा आतली घालमेल वाढली. मूल हात चावत असेल, डोकं आपटत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं आधी दात, कान, पोट दुखत नाही ना हे डॉक्टरांना दाखवायचं, मग चावायला, दाबायला सुरक्षित पर्याय शोधायचा.

मोबाइलबद्दलही एक वाक्य, कारण थकलेल्या आईला त्यावरून फार बोलणी बसतात. मोबाइलनं मूल गप्प होतं हे खरं आहे आणि कधीकधी स्वयंपाक होण्यासाठी तो द्यावा लागतो. पण त्यात शरीराला ढकलणं-ओढणं काहीच मिळत नाही, म्हणून तो काढून घेतल्यावर मूल आधीइतकंच बेचैन दिसतं.

## जिवाला धोका कुठं आहे

पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी घरात आणूच नका. गिळले तर पोटात फुगतात आणि आतडं अडवू शकतात. दाणे, हरभरे, ज्वारीसुद्धा नाका-कानात जाते किंवा घशात अडकते. जे मूल सगळं तोंडात घालतं त्याच्याजवळून एक मिनिटही उठू नका, किंवा त्याच्यासाठी पीठ, पाणी, कापड हेच खेळ ठेवा. बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडतं, खेळ संपला की बादली रिकामी. वजनदार पांघरूण लहान मुलाला रात्रभर घालू नये. फिट येण्याचा त्रास असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यांची खेळणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

## गड्ड्याला न्यायचं की नाही

जानेवारी आला की आमच्या घरात हा वाद होतो. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, चुकवणं सोलापूरकराला कसं पटेल? आणि होम मैदानावर पाळण्यांचे भोंगे, विक्रेत्यांच्या हाका, धूळ, तळणीचा वास, दिव्यांची रोषणाई. ज्याला एक मिक्सर सोसत नाही, त्याच्यापुढे हे सगळं एकत्र.

आम्ही काठ्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी जात नाही. यात्रा संपायच्या आतला एखादा साधा दिवस, सकाळची वेळ, पाळणे सुरू व्हायच्या आधी. घरून निघण्यापूर्वी खलबत्ता. कानावर आवाज कमी करणारे हेडफोन. मोबाइलमधले चार फोटो क्रमानं: तळं, देऊळ, एक फुगा, रिक्षा. चौथा फोटो रिक्षाचा, म्हणजे घरी कधी जायचं हे त्याला आधी माहीत. मागच्या वर्षी तो तळ्याच्या काठी पंधरा मिनिटं पाण्याकडे बघत बसला, मग माझ्या हातातला मोबाइल घेऊन रिक्षाच्या फोटोवर बोट ठेवलं. आम्ही देवळात न जाता परत आलो.

## कुठं जायचं, काय घेऊन जायचं

दोन-अडीच वर्षांचं मूल हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा मुलांच्या तपासणीची आणि लवकर उपचारांची तरतूद आहे. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, बालरोग विभागात चौकशी करून सुरुवात करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. त्यानुसार प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढता येतं.

आणि एक वही न्या. बहिणीनं शंभर पानी वही घेऊन रोज तीन ओळी लिहायला सुरुवात केली: आज कशापासून पळाला, कशाकडे गेला, किती वाजता. महिनाभरानं दिसलं, की बिघडण्याची वेळ बहुतेक संध्याकाळची साडेसहा-सात आहे, शेजारी देवळात घंटा आणि घरात कुकर एकदम सुरू होतात तेव्हा. आता कुकर पाच वाजता लागतो, आणि सव्वासहाला खलबत्ता बाहेर येतो. नव्या ओटीताईंकडे गेलो तेव्हा त्यांनी फाइल बाजूला ठेवून ती वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी भाच्याला काही करायला सांगितलं नाही. कपाटातून एक जाड उशी काढून त्याच्यापासून दोन हातांवर ठेवली आणि वाट बघत फरशीवर बसल्या.